पुनर्परीक्षा शुल्क

पर्वरीच्या ऑफिसात तिसरी बैठक.
नव्वद मिनिटं, पासष्ट प्रश्न, एवढं ठरलं.
प्रात्यक्षिक ठेवूया, मी म्हटलं,
बिघडलेलं नेटवर्क समोर द्या, करू दे दुरुस्त.
रोहिदास कुंकळकरनं कॅल्क्युलेटर पुढे ओढला:
"प्रात्यक्षिक तपासायला माणूस लागतो.
चार पर्यायांना कोणी लागत नाही."

मग फी. साडेआठ हजार.
पुन्हा बसणाऱ्याला निम्मी की पूर्ण?
"पूर्ण. त्यावरच तर चालेल सगळं."
म्हणजे नापास किती हवेत
तेही आजच ठरवायचं होतं.

संध्याकाळी रायबंदरच्या फेरीबोटीत
मालारची ल्युसिया भेटली.
पंचायतीतले सगळे कंप्युटर तीच जिवंत ठेवते,
कागद नाही म्हणून पगार तोच.
"सर, परीक्षा कधी तुमची?"
मी तारीख सांगितली. मग रक्कम.
ती पाण्याकडे बघत राहिली थोडा वेळ.
"चालत येणाऱ्याला फेरी फुकट," म्हणाली,
"तेवढं तरी बरं."

दिवाडीच्या धक्क्यावर फळी आदळली.

रात्री एकेचाळिसाव्या प्रश्नाचे पर्याय लिहायला बसलो:
तीन चुकीचे,
पण खरे वाटतील असे.
ते मला चांगले जमतात.