धारक

तेहतीस वर्षं जेलरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
शाई फाकलेली, कड सरकलेली, नंबर हुकलेली नोट
डोळ्यांआधी बोटांना कळायची.
प्रत्येकीवर तेच वचन,
धारकाला अदा करण्याचं.

आता सोसायटीची खजिनदार आहे.
पाथर्डी फाटा, चौपन्न फ्लॅट,
साडेपाचशे फुटांवर मुकी झालेली बोअर.
टँकरचं बिल पुढ्यात. दुसाने म्हणतात,
फ्लॅटमागे सारखं वाटा, हाच न्याय.
म्हणजे रोज दोन गाड्या धुणारे ते
आणि दीड बादलीत दिवस काढणाऱ्या मनोरमाबाई
सारख्याच.

छपाई सरकलीय. मला दिसतंय.

खाली पंपाजवळ यशवंत गावित उभा.
सुरगाण्याचा. तिथं आषाढात डोंगर वाहून जातील इतकं कोसळतं
आणि फाल्गुनात त्याची आई हंडा घेऊन दरी उतरते.
यादीत त्याचा फ्लॅट नाही,
म्हणून वाटाही नाही.
व्हॉल्व्ह मात्र तोच फिरवतो.

मी मीटरचं बोलले.
माणशी लिटर, वर जाईल त्याला चढा दर.
तेवढ्यात चहा आला
आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

गच्चीवर जाऊन उभी राहिले.
पूर्वेला एकलहऱ्याची चिमणी, अंधुक.
त्या धुराची पावती कुणाच्या नावे फाडायची
हे आमच्याच काय,
कुठल्याच वहीत नाही.

रात्री वही काढली.
‘फ्लॅट नं.’ खोडून वर लिहिलं, धारक.
पहिलं नाव गावित. मग मनोरमाबाई.
मग त्याची आई, जी इथं राहतही नाही.

बेरीज लागत नाहीये.
लागेपर्यंत उठायचं नाही,
ही सवय प्रेसची.