समासातलं

प्रेसमध्ये तेहतीस वर्षं कागद मोजला.
सुटताना गेटवर झडती;
एक कोरं चिटोरंसुद्धा कधी बाहेर आलं नाही.
म्हणूनच असेल, घरी हा वह्यांचा पसारा.

लाल बांधणीची वाचलेल्या पुस्तकांची,
अर्धवट सोडलेलीही त्यात, कारणासकट:
‘पान चाळीस. नायक फार रडतो.’
एक नुसती गोदेच्या पाण्याची –
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला,
एका साली थेट गळ्याशी.
त्या पानावर शाई फुटलीय.
उसन्या दिलेल्या पुस्तकांची वही
कुमुद थेटे उसनी घेऊन गेली, ती गेलीच.

लाडकी मात्र निळी.
वाचनालयाच्या पुस्तकांत कडेकडेनं
लोक पेन्सिलीनं जे लिहून ठेवतात
ते तिच्यात उतरवते.
‘खोटं.’
‘आईला दाखवणे.’
एकानं तर ऐन खुनाच्या प्रकरणात
द्राक्षांच्या पेट्यांचा हिशोब मांडलाय,
आणि तो चुकलाय.

परवा नाशिकरोडहून बसनं शालिमारला उतरले,
एक जुनं प्रवासवर्णन घेऊन आले.
पान एकशे बारा, समासात बारीक अक्षर:
‘मी कधी जाणार?’

‘मी’ची वेलांटी अशी मागे रेललेली
आख्ख्या मोजणी विभागात
एकटी मीच काढायचे.

खोडरबर शोधलं. सापडलं.
हातात धरून बसले थोडा वेळ.

मग निळी वही उघडली,
वाक्य जसंच्या तसं उतरवलं,
आणि ‘कोणाचं’ या रकान्यात
बाकी सगळ्यांपुढे लिहिते तेच लिहिलं:
माहीत नाही.