होय

तळ्यावरच्या पत्र्याच्या खोपट्यात
विटेएवढा एक डबा, पाण्याची पातळी लिहिणारा.
जानेवारीत एका रात्री बॅटरी थिजली.
सकाळी पॅनलवर ऊन आलं, डबा जागा झाला,
आपल्याच नोंदी चाचपत गेला
आणि एका जागी अडला:
दुरुस्त करू? हो की नाही?

विचारलं कुणाला, तर पत्र्याला.
त्याला ना पडदा, ना कळफलक.
खाली नारिनच्या कचेरीत आम्ही म्हणालो,
तळं गोठलंय, सांगण्यासारखं काय असणार.

अकरा दिवसांनी कादिरकुल आणि मी
घोड्यांवरून वर पोचलो. केबल जोडली.
तोच प्रश्न, आणि पुढे लुकलुकणारी खूण,
दारात खोळंबलेल्या पाहुण्यासारखी.

हातमोजा दातांनी ओढला. होय.
लगेच दुसरा प्रश्न. होय.
एकोणतीस वेळा.
"निकाहातसुद्धा तीनदाच विचारतात, तुर्सुनाय,"
कादिरकुल चहा ओतत म्हणाला.

ज्या नोंदींना घर उरलं नव्हतं
त्या एका कप्प्यात गोळा झाल्या,
नावाच्या जागी नुसते आकडे.
एक उघडली: कुठलीशी रात्र,
पाणी चार सेंटिमीटर चढलेलं.
कधी, ते गेलं.

निघताना एक ओळ बदलली:
यापुढे विचारू नकोस, होयच समज.
डबा बंद करून चालू केला.
तो कुणासाठी थांबला नाही.

उतारावर माझा घोडा थबकला,
बर्फ हुंगत राहिला.
मी टाच मारणार, तोच कादिरकुलने हात धरला.
"थांब," म्हणाला, "त्याला विचारू दे."