विग्रह

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
उणे एकशे शहाण्णवला व्हॉल्व्ह गोठतो,
आणि कोपरापर्यंत हातमोजे चढवलेला शनाभाई परमार
लहान मुलाशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतो:
गळू नकोस हं, परदेशी जायचंय तुला.

मी शेजारच्या केबिनमध्ये.
एकतीस वर्षं फतेगंजला पोरांना जर्मन शिकवलं,
आता पानाला चारशे रुपये घेऊन
खरेदीपत्रं उतरवते.
किरीटभाई पहिल्याच दिवशी म्हणाले,
'हेमलताबेन, लढाई लांबली ना, तर आपल्याला मोठी संधी.'
मग चहा मागवला. माणूस वाईट नाही.

त्यांची भाषा समासांची.
मालगाडीसारखे शब्द, डब्याला डबा.
वर्गात सांगायचे, घाबरू नका,
शेवटचा डबा आधी बघा,
खरा माल तिथे असतो.

रात्री दांडिया बाजारात, मागचं आवरून झालं की
मी त्यांच्या एका मंत्र्याचं भाषण लावते.
काळा कोट, मागे दोन झेंडे,
एक त्याचा, एक जळणाऱ्या देशाचा.
तो म्हणतो: स्वातंत्र्यवायू.
टाळ्या.

सवय जात नाही. फोडून बघते.
स्वातंत्र्याचा वायू? षष्ठी.
स्वातंत्र्यासाठी वायू? चतुर्थी.
स्वातंत्र्यापासून सुटलेला वायू?
इथे मी एकटीच हसते,
का म्हणून विचारायला घरात कोणी नाही.
स्वातंत्र्य हाच वायू, असा कर्मधारय घेतला
तर मोजायचा कशाने?
माझ्या ओट्यामागच्या मीटरने?
तो तर या महिन्यात
पोळ्या तेवढ्याच असून जास्त धावलाय,
निदान बिल तसं म्हणतं.

सोमवारी त्याच देशाचं पत्र.
यात विशेषणं नाहीत.
दाब, तापमान, उशिराचा दर दिवसाचा दंड,
'हिवाळ्यापूर्वी' या शब्दाखाली दोन रेघा.
वायू कुठला, या रकान्यात एकच,
आडवी.
नळ तोडल्याचं भाषण गाजलं होतं,
जहाजाबद्दल कोणी बोललं नव्हतं.
विचारलं, इथे काय लिहू?
किरीटभाई म्हणाले,
'रेघेचं भाषांतर रेघच ना, बेन?'

जुन्या राजनीतीत संधी म्हणजे तह
आणि विग्रह म्हणजे युद्ध.
दोन्ही शब्द व्याकरणाने उसने नेले,
परत केलेच नाहीत.
मी जन्मभर विग्रह करत आले
लाल पेनने,
आणि कोणी मेलं नाही.

रेघ ओढली.
सरळ आली.

बाहेर शनाभाई खोक्यावर खडूने बाण काढत होता,
वर कुठली बाजू ते तिकडे कळावं म्हणून.
दारातून डोकावला: बेन, त्यांच्याकडे थंडी किती पडते?

मला फ्राऊ क्लोस्टर आठवल्या.
शिकायला गेले तेव्हाची घरमालकीण.
नऊच्या ठोक्याला हीटर बंद करायच्या,
पैसे लागतात म्हणून,
आणि मग स्वतःची शाल
माझ्या पायांवर टाकून जायच्या.
काही न बोलता.
एकही समास नाही.

'खूप,' मी म्हटलं,
आणि पान उलटलं.
हे पाचवं.