ओल

तलाव रिकामा केला तेव्हा तळाशी निघालं ते एवढंच:
एक चांदीची बाळी, केसांच्या तीन पिना,
आणि दुधाचा दात, की नुसता खडा,
एवारिस्तोनं ठरवू दिलं नाही. खिशात टाकला.

नदी इथून तीन गल्ल्यांवर.
सप्टेंबरात उरुग्वे फुगते, जमिनीखालून चालत येते,
आणि रिकामा तलाव, तो म्हणतो,
मातीत रुतलेली होडी असते.
पोटात पाणी आहे तोवर बसून राहते.
पलीकडच्या गावच्या क्लबात एकदा
रात्रीतून वीतभर वर आली, काठाच्या फरश्या उचकटून.
म्हणून आधी तळाची झडप उघडली, कान लावून ऐकलं,
मगच मला शिडी.

पहिला आठवडा नुसतं खरवडणं.
निळा, त्याखाली फिका निळा, त्याखाली एक हिरवा
जो गावात कुणालाच आठवत नाही.
पोपडे नखांत जातात, भुवयांत जातात,
रात्री सुपात पडतात.
भिंतीवरून तळहात फिरवला तर निळसर भुकटी.
"खडू झालाय. यावर रंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मग आम्ल.
बादलीत आधी पाणी, मग आम्ल, उलटं कधीच नाही.
"म्हण, लिसांद्रो."
तीनदा म्हणवून घेतलं, शाळेत प्रार्थना म्हणवतात तसं.
वरून खाली, हातभर पट्टा, लगेच नळी.
काँक्रीट फसफसलं, मुखवट्याच्या आत डोळे चुरचुरले,
ब्रशचे केस झिजून बोटभर राहिले.
नंतर सोडा. नंतर पाणी. परत पाणी.
शेवटी भिंत हाताला लागली
दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखी.

कडक ऊन पडलं. तळ इतका पांढरा की बघवेना.
क्लबचे अध्यक्ष बर्तोलीनी काठावर उभे:
आठ डिसेंबरला बँड ठरलाय,
बावीस डबे गोदामात पडून आहेत,
"वाळलाय की!"
एवारिस्तोनं उत्तर दिलं नाही.
प्लास्टिकचा हातभर चौकोन कापला,
खोल टोकाला तळावर ठेवला,
चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, पाकीट बंद करावं तशा,
आणि घरी गेला.

सकाळी आतून थेंब.
मोहरीएवढे, कसेही विखुरलेले.
वरून हाडासारख्या कोरड्या त्या तळानं
रात्रभर घाम गाळला होता.

सत्त्याऐंशी साली घाई केली होती, तो सांगतो,
मीच, याच हातांनी.
जानेवारीत फोड आले, फुटले,
पोरं घरी जायची निळ्या टाचांनी.
गावभर अंथरुणांवर निळे ठसे.
इर्मानं त्यातली एक चादर धुतलीच नाही,
भांडणात दाखवायला जपून ठेवली.

दुसरा चौकोन. थेंब.
तिसरा. थेंब, पण कडेलाच.
आम्ही खोल टोकाला बसून माते पितो.
बोललेलं भिंतीवर आपटून परत येतं
म्हणून हळू बोलतो, किंवा नाहीच.
वर निलगिरीत पोपटांची भांडणं.
बर्तोलीनी दिवसातून दोनदा येऊन
घड्याळ बघून जातात.
मला वाटायचं, काम म्हणजे रंग.

पाचव्या सकाळी त्यानं एक कोपरा उचलला,
चष्मा कपाळावर, गाल तळाला टेकवून बघितलं,
मग मलाही तसंच बघायला लावलं.
काही नव्हतं.
एवढं मन लावून मी
काहीच नसणं कधी पाहिलं नव्हतं.

"आता रंग?"
"आता झाडू," तो म्हणाला. "रात्री पानं पडलीत."