ळ

वाशीला, सेक्टर सतराच्या मागच्या गल्लीत
देवशीभाईंनी काउंटरवर डब्या मांडल्या,
एका हातानं, दुसऱ्यात अडकित्ता.
"ही कार्नोबा. ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं मेण.
दीड महिना टिकेल, पण झळाळी अशी
की गाडी आत्ताच न्हाऊन आली वाटावं.
ही सिंथेटिक. लावा आणि सहा महिने विसरून जा.
चमक जरा काचेसारखी, कोरडी.
आणि ही" (पिवळट, बोटाला किंचित रवाळ, सगळ्यात स्वस्त)
"ही घासली की ओरखडेसुद्धा जातात."

मी विचारलं, जातात कुठे?

अडकित्ता थांबला.
"जात नाहीत साहेब. आजूबाजूचा रंग
घासून त्यांच्या पातळीला आणायचा.
सगळंच खाली उतरलं
तर खड्डा कुणाला दिसणार?"

ऐरोलीत आमची इमारत खाडीला अगदी खेटून.
वारा येतो तो मीठ घेऊनच.
रबाळ्याकडून कसलीशी पांढरी भुकटी,
पर्जन्यवृक्षाचा चीक,
बगळ्यांची विष्ठा, जी दुपारच्या आत पुसली नाही
तर रंगात घर करते.
मेण हवंच. त्यात वाद नाही.

पण माझ्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर,
पेट्रोलच्या झाकणाखाली,
एक ळ आहे.
खडीच्या टोकानं कोरलेला.
डावं पोट मोठं, उजवं उपाशी,
वरची रेघ हातातून सुटून
थेट दिव्यापर्यंत गेलेली.

लवकुश तेव्हा पहिलीत, पालिकेच्या मराठी शाळेत.
रामसूरतचा मुलगा. रामसूरत आमचा वॉचमन.
बाकीची सगळी अक्षरं बापाला येत होती,
हे एक त्याच्या गावच्या पाटीवर नव्हतंच.
बापाला येत नाही असं काहीतरी
आपल्याला येतं,
हे दाखवायला उशीर कोण करेल?
समोर काळी, स्वच्छ, रुंद पाटी उभी होती.

गाडी नऊ दिवसांची होती.
मी काय बोललो ते मला पाठ आहे. इथे लिहीत नाही.
सोसायटीच्या वहीत मात्र लिहिलंय:
नुकसानभरपाई रु. ४,५००, पगारातून, तीन हप्ते.
दोन मिळाले.
तिसऱ्याच्या आधी ते उलव्याकडे कुठेतरी गेले.
घेतलेल्या पैशांत गाडी रंगवायची राहिली.
मग राहूनच गेली.

"मग, ओरखड्याची देऊ?"
देवशीभाईंनी पिवळी डबी पुढे सरकवली.
नको म्हणालो.
मधलीही नको, सहा महिन्यांची.
पहिलीच द्या.
"दीड महिन्यानी परत राबावं लागेल हां."
राबतो.

रविवारी सहाला, पार्किंगमध्ये ऊन शिरायच्या आत.
पत्रा गार हवा. मेण अगदी थोडं,
नखभर, आणि इतकं पातळ पसरायचं
की लावलंय की नाही अशी शंका यावी.
गोल गोल, बॉनेटकडून मागे.
मग थांबायचं. बोट ओढून बघायचं:
रेघ स्वच्छ उमटली की पुसायला घ्यायचं.

पुसत पुसत मागच्या पत्र्याशी आलो.
सगळीकडचं मेण फडक्यावर आलं,
तेवढ्या चरीतलं आलं नाही.
आतच वाळून पांढरं झालं होतं.
काळ्यावर पांढरा ळ,
खडूनं लिहिल्यासारखा,
पाच वर्षांत इतका ठळक कधीच नव्हता.

जुन्या टूथब्रशनं काढायचं असतं ते,
देवशीभाईंनी बजावलं होतं.
ब्रश खिशातच होता.

नवा वॉचमन खुर्ची सोडून जवळ आला,
वाकला. "ये कौन सा अक्षर है साब?"
मी उच्चारून दाखवला.
तो म्हणाला, ल.
ल नाही, म्हटलं. परत ऐक.
परत ल.

जीभ मागे वळवावी लागते, मी म्हणालो,
पार टाळूपर्यंत.
आणि त्याला दाखवायला
तोंड उघडून उभा राहिलो.