खटक्याची वही

यंदा प्रदर्शनाला ज्वालामुखी नको.
थर्माकोलचं गाव नको, त्यात पेटणारे दिवे नकोत,
दुकानातून आणलेली पवनचक्की तर नकोच नको.
आठवडाभर एक वही बाळगा, म्हणालो,
आणि जे जे खटकेल ते लिहा.
उपाय लिहायचा नाही.
उपाय लई लवकर येतो,
आणि आला की बघणं थांबतं.

शाळा आमची उद्यमनगरच्या पाठीला.
लेथची घरघर भिंतीतून वर्गात येते,
प्रार्थनेचा सूर आम्ही तिच्यावरच लावतो.

सोमवारी वह्या आल्या.
हर्षद गवळीनं लिहिलं होतं:
'गंगावेशीत म्हशीची धार थेट ग्लासात पडते.
निम्मा ग्लास फेस. गिऱ्हाईक म्हणतं, दूध घाल.
बाबा म्हणत्यात, फेसबी दूधच हाय.
दोघंबी खरं बोलत्यात, तरी रोज भांडण.'
खाली मी लाल पेन टेकवलं आणि उचललं.
असल्या वाक्याला मार्क कसे द्यायचे
हे बी.एड.ला शिकवलं नव्हतं.

तेजल व्हटकरनं आईचा हात काढला होता.
चित्र बेतास बात, अंगठा केळ्याएवढा,
पण तळव्यात जिथं आरीची मूठ रुतते
तिथं पेन्सिल इतकी गिरवलेली
की कागद फाटून पुढच्या पानावर उतरली होती.
शेजारी एकच ओळ:
'नवी कापशी घालणाऱ्याला आठ दिवस चावते,
शिवणारीला वीस वर्षं.'

अरमान शिकलगारची वही कोरी.
'सर, मला काय खटकत न्हाई.'
वर्ग हसला. खरं सांगायचं तर
मीही मनात त्याला आळशी ठरवून टाकलं.

शाळा सुटली. खिडकीतून बघतोय,
फाटक बिजागरीतून उतरलेलं, कोण जाणे कधीचं.
अरमाननं गुडघा लावला, जरा वर उचललं,
कडी सरकवली, पाचवीच्या पोरींना वाट दिली,
परत गुडघा, परत कडी.
मान न वळवता, दोस्ताशी गप्पा हाणत.
पँटीच्या उजव्या गुडघ्यावर
फाटकाचा हिरवा रंग.

दुसऱ्या दिवशी त्या डागाकडं बोट केलं. हे काय?
बराच वेळ तो आपल्याच गुडघ्याकडं बघत राहिला,
जणू कुणी दुसऱ्याचा आणून लावलाय.
'फाटक,' म्हणाला.
मग जरा थांबून, 'रोजचं.'
वहीतली पहिली ओळ ती.
दुसरी त्यानं न विचारता लिहिली:
'बारक्या पोरास्नी उचलत न्हाई,
ती कोण येईस्तोवर थांबत्यात.'

तर पोरांनो, घट्टा पडला की कळ येत नाही,
म्हणून आपल्याला दुखत नाही असं समजू नका.
घरात कुणी 'चालायचंच' म्हणालं
की तिथं वही काढा.
नळाला गुंडाळलेली चिंधी,
दाराला लावलेला दगड,
दोनदा थापटल्यावर चालू होणारा मिक्सर,
या सगळ्यात कुणीतरी निम्मा शोध
आधीच लावून ठेवलाय, सुतळीनं बांधून.
त्याला हसू नका.
त्याच्याशेजारी बसा, चहा घ्या,
विचारा, गाठ इथंच का मारली?
आणि तो सांगत असताना
मधेच आपली हुशारी काढू नका.

शेवटच्या वहीवर नाव नव्हतं.
अक्षर बारीक, मागच्या बाकावरचं असणार:
'दुपारी अडीचनंतर फळ्याचा डावा कोपरा चकाकतो.
काही दिसत नाही.
सर गृहपाठ तिथंच लिहितात.'

अठरा वर्षं.

आज गृहपाठ उजवीकडं लिहिला.
लिहिता लिहिता खडू अडखळला,
उपाय लई लवकर आला होता.
पुसून टाकलं,
आणि मागच्या बाकावर, अरमानला जरा सरकवून,
अडीच वाजायची वाट बघत बसलो.